अस्तर आणि जाळी

वॉश-बेसिनखाली किंवा गिझरजवळ चकाकती, तारांनी विणलेली एक लहानशी नळी असते. प्लंबर तिला ‘कनेक्शन पाइप’ म्हणतो. पाहणाऱ्याला वाटते, ही स्टीलची नळी आहे. तशी ती नाही. बदलून टाकलेली एखादी जुनी नळी करवतीने कापून बघा. वरची स्टीलची जाळी ही निव्वळ जाळी असते. तिच्यात पाणी तर सोडाच, फुंकरही अडणार नाही. पाणी वाहते ते आतल्या रबराच्या किंवा प्लास्टिकच्या साध्या नळीतून. ही आतली नळी एकटी ठेवली आणि दाब वाढला, तर ती फुग्यासारखी फुगेल. जाळी एकटी काही साठवू शकत नाही आणि नळी एकटी काही सोसू शकत नाही. दोघी एकत्र आल्या की संसार चालतो. पाण्याला शिवते ती वेगळी आणि दाब सोसते ती वेगळी.

आज मला बोलायचे आहे ते या नळीच्या थोरल्या बहिणींविषयी. आम्ल, वाफ, उकळते तेल, क्लोरीन असे जहाल पदार्थ वाहून नेणाऱ्या, आतून प्लास्टिकचे अस्तर आणि बाहेरून धातूची जाळी असलेल्या लवचिक नळ्यांविषयी. कारखान्यात त्यांना सरसकट ‘होज पाइप’ म्हणतात. तळोजा, रसायनी, महाड, लोटे, तारापूर या आपल्या औद्योगिक वसाहतींत रोज टँकर येतात, रिकामे होतात, भरून जातात. टँकर आणि टाकी यांच्यामधला शेवटचा दहा-पंधरा फुटांचा टप्पा बहुधा याच नळीचा असतो. बाकी सगळा कारखाना लोखंडाचा, काँक्रीटचा आणि जागच्या जागी स्थिर. हलते, वाकते, रोज जोडली-सोडली जाते ती ही एकटीच. आणि तिच्यापासून हातभर अंतरावर माणूस उभा असतो.

अस्तर हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि शिंप्याच्या दुकानात कायमचा राहिला. कोटाला अस्तर, गोधडीला अस्तर. पण अस्तरामागची युक्ती आपल्या स्वयंपाकघरातही फार जुनी आहे. तिला आपण कल्हई म्हणतो. तांब्या-पितळेचे भांडे दणकट, उष्णता चांगली पोचवणारे. पण त्यात ताक ठेवले की कळकते. आंबट पदार्थ तांब्याशी भांडण काढतो आणि त्या भांडणाचे विष आपल्या पोटात जाते. म्हणून आतून कथलाचा पातळ थर. आमच्या मोहल्ल्यात कल्हईवाले चाचा भाता मारून भांडे तापवत, नवसागर टाकत आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवत. क्षणात काळे पातेले चांदीचे होई. भार तांब्याने सोसायचा, आंबटाशी बोलणे कथलाने करायचे, अशी ती वाटणी. अस्तर लावलेल्या नळीचे सगळे शास्त्र या एका वाटणीत आहे. आणि कल्हई उडाली की भांडे धोक्याचे होते, हेही त्यातच आले.

लवचिक नळीची सुरुवात मात्र एका चित्रकाराने केली, हे सांगताना माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्याला थोडा आनंद होतो. यान फान डर हेयडन हा ॲमस्टरडॅमचा चित्रकार. शहराच्या इमारतींची विटेवीट दाखवणारी चित्रे तो काढी. घरे जळताना पाहून त्याने आणि त्याच्या भावाने १६७२-७३च्या सुमारास आग विझवण्यासाठी चामड्याची लांब नळी तयार केली. तोवर बंबातले पाणी लांबून उडवावे लागे; आता नळी घेऊन माणूस आगीच्या तोंडाशी जाऊ शकला. आपल्याकडे भिस्ती पखालीतून पाणी वाही, तसेच तेही चामडे. पण चामडे कुजते, शिवण उसवते. पुढे १८३९मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधक घालून रबर पक्के करण्याची रीत सापडली आणि रबरी नळ्यांचे युग सुरू झाले. ते अजूनही संपलेले नाही. पाणी, हवा, साधे तेल यांना रबर पुरते. पण रसायनांचे कारखाने वाढले तसे रबराचे स्वभावदोष उघडे पडले. काही द्रावकांत रबर भिजलेल्या चण्यासारखे फुगते, तीव्र आम्लात जळते, वाफेच्या उष्णतेने कडक होऊन तडकते.

उत्तर सापडले ते भलतेच काही शोधताना. ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी येथे ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट नावाचा २७ वर्षांचा रसायनतज्ज्ञ फ्रीजसाठी नवा वायू शोधत होता. टेट्राफ्लुओरोएथिलीन नावाचा वायू त्याने छोट्या सिलिंडरांत भरून थंड करून ठेवला होता. त्या दिवशी एका सिलिंडरची तोटी उघडली, तर वायू येईना. सिलिंडर रिकामा म्हणावा तर वजन भरल्यासारखे. दुसरा कोणी असता तर तो बाजूला ठेवून दुसरा सिलिंडर घेतला असता. प्लंकेट आणि त्याच्या मदतनिसाने तो करवतीने कापला. आत मेणचट पांढरी भुकटी होती. वायूचे कण आपसात साखळी करून घन झाले होते. या पदार्थाचे लांबलचक नाव पॉलिटेट्राफ्लुओरोएथिलीन. आपण सोयीसाठी पीटीएफई म्हणू. १९४५मध्ये त्याला ‘टेफ्लॉन’ हे व्यापारी नाव मिळाले. न चिकटणाऱ्या तव्यामुळे ते घरोघर पोचले, पण त्याची पहिली मोठी नोकरी तव्यावरची नव्हती. दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबसाठी युरेनियम शुद्ध करताना जो अतिशय खादाड वायू हाताळावा लागे, त्याला तोंड देणाऱ्या चकत्या आणि अस्तरे या पदार्थाची केली गेली.

तो इतका निगरगट्ट का? मक्याचे कणीस डोळ्यांसमोर आणा. मधला दांडा म्हणजे कार्बनच्या अणूंची साखळी आणि त्याच्या सर्व बाजूंनी घट्ट बसलेले दाणे म्हणजे फ्लुओरीनचे अणू. कार्बन आणि फ्लुओरीन यांची गाठ ही सेंद्रिय रसायनांतल्या सर्वांत पक्क्या गाठींपैकी एक आहे. आम्ल येवो, अल्कली येवो, द्रावक येवो. त्याला दाण्यांच्या चिलखतातून दांड्यापर्यंत पोचताच येत नाही. वितळलेले सोडियमसारखे धातू आणि तापलेला खुद्द फ्लुओरीन वायू असे मोजकेच शत्रू त्याला हरवू शकतात. तो २६० अंश सेल्सियसपर्यंत दीर्घकाळ टिकतो, हाडे गोठवणाऱ्या थंडीतही ठिसूळ होत नाही आणि त्याच्या पृष्ठभागावर काही चिकटत नाही. नळीच्या दृष्टीने शेवटचा गुण फार मोलाचा. आज रंग वाहिला, धुतली, उद्या दुसरा रंग वाहिला, तरी आदल्या दिवसाचा डाग नाही आणि वासही नाही.

पण इतके गुण असलेल्या पदार्थात काही हट्टही असतात. पीटीएफई ३२७ अंशांना वितळतो म्हणायचे, पण पाकासारखा वाहत नाही. नुसता जेलीसारखा होऊन जागेवर बसतो. त्यामुळे साध्या प्लास्टिकसारखी त्याची नळी ओतता येत नाही. मग करतात काय, तर त्याची भुकटी रॉकेलसारख्या हलक्या तेलात कालवतात, दाबून गोळा करतात आणि चकलीच्या सोऱ्यातून पीठ काढावे तशी यंत्राने नळी काढतात. नंतर हळूहळू तापवून तेल उडवून लावतात आणि ३६०-३८० अंशांच्या भट्टीत कण एकमेकांत सांधून घेतात. कुंभाराने कच्चे मडके भाजावे तसाच हा प्रकार.

लहान व्यासाची नळी आतून गुळगुळीत ठेवतात. व्यास वाढला की गुळगुळीत नळी वाकवताना मोडते, मध्येच चिमटते. म्हणून मोठ्या नळ्यांच्या भिंतीला वळ्या पाडतात, हार्मोनियमच्या भात्यासारख्या. वळ्यांमुळे नळी सहज वाकते, पण वळीच्या खाचेत थोडा माल अडकून राहतो. औषधे आणि खाद्यपदार्थ यांचे कारखाने म्हणून शक्यतो गुळगुळीत नळी मागतात. लवचिकपणा हवा की स्वच्छपणा, हा व्यवहार प्रत्येक ठिकाणी वेगळा ठरतो.

आता जाळी. ती बहुधा स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची असते, वेणीसारखी एकाआड एक गुंफलेली. या गुंफणीत एक सुंदर भूमिती आहे. नळीत दाब वाढला की तो नळी फुगवायलाही बघतो आणि लांबवायलाही. हिशेब केला तर फुगवणारा ताण लांबवणाऱ्या ताणाच्या दुप्पट भरतो. तारा नळीच्या लांबीशी ५४ अंश ४४ मिनिटांचा कोन करून गुंफल्या, तर दोन्ही ताण बरोबर तोलले जातात. नळी फुगतही नाही, लांबतही नाही, आखडतही नाही. कोन कमी असेल तर दाबाखाली नळी आखडून जाड होते, जास्त असेल तर लांब होते. जाळी विणणारे यंत्र गिरक्या घेत हाच कोन सांभाळत असते.

अशी तयार नळी किती दाब सोसेल, हे कारखानदार सांगतो. सर्वसाधारण रीत अशी की नळी ज्या दाबाला फुटते, त्याच्या चौथ्या हिश्श्यावरच तिला काम द्यायचे. पण हा आकडा साध्या तापमानाचा. नळी तापली की तिची ताकद उतरते, म्हणून गरम कामाला तो आकडा आणखी खाली आणावा लागतो. उलट बाजूने, आतून हवा ओढून घेतली तर जाळीचा काही उपयोग नाही. जाळी फुगण्याला अडवते, पिचकण्याला नाही. निर्वात कामाला म्हणून आत किंवा वळ्यांमध्ये तारेचे वेटोळे घातलेली वेगळी नळी लागते. आणि प्रत्येक नळीला वाकण्याची मर्यादा असते. त्याहून आवळून वाकवली की अस्तराला घडी पडते. पीटीएफईला पडलेली घडी कधीच पुरती जात नाही; पुढची चीर तिथेच पडते.

या नळ्या लागतात कुठे? टायरच्या कारखान्यात साचा उघडतो-मिटतो तेव्हा त्याच्याबरोबर हलत वाफ आणि गरम पाणी नेण्यासाठी. हवेच्या कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारी तापलेली, तेलकट हवा नेण्यासाठी. विमानात इंधन आणि हायड्रॉलिक तेल नेण्यासाठी. कारण विमानातले काही प्रकारचे न पेटणारे तेल साध्या रबराला खाऊन टाकते. खोके चिकटवणाऱ्या यंत्रात १८० अंशांच्या आसपासचा पातळ डिंक नेण्यासाठी. शर्यतीच्या मोटरसायकलच्या ब्रेकमध्ये, कारण दाबल्यावर ही नळी रबरासारखी फुगत नाही आणि ब्रेक लगेच लागतो. औषधे, रंग, सुगंधी अर्क यांच्या कारखान्यांत तर विचारूच नका.

प्लास्टिकच्या अस्तरात पीटीएफई एकटाच नाही, हेही सांगायला हवे. तो महाग. जिथे फार उष्णता नाही अशा आम्लांना आणि द्रावकांना आतून विशेष पॉलिथिनचा थर आणि बाहेरून रबर अशी नळी पुरते. बंदरावर जहाजातून तेल किंवा रसायने उतरवताना वेगळीच नळी दिसते. आत एक तारेचे वेटोळे, त्यावर पॉलिप्रोपिलीनच्या पातळ पापुद्र्यांचे थरावर थर, अळूवडीच्या गुंडाळीसारखे, आणि वर पुन्हा तारेचे वेटोळे. प्रत्येक ठिकाणी तत्त्व तेच. शिवणारा वेगळा, सोसणारा वेगळा.

बी.ए. झाल्यावर मी काही वर्षे एका रसायनांच्या कारखान्यात भांडारात कारकुनी केली. तिथे भिंतीवरच्या खुंट्यांना या नळ्यांची वेटोळी टांगलेली असत. बाहेरून सगळ्या सारख्याच चकचकीत. पण तोंडात डोकावले की काहींचे अस्तर दुधासारखे पांढरे, काहींचे काजळासारखे काळे. आमच्या जुन्या फिटरना सगळे मामा म्हणत. मी कविता करतो हे कळल्यापासून ते मला ‘शायर’ म्हणत. मी काळ्या-पांढऱ्याचे विचारले, तर म्हणाले, “शायर, पांढरी औषधाला, काळी टोल्यूइनला. उलटं दिलंस तर मला वरच भेटशील.”

त्यामागचे कारण मी नंतर वाचून समजून घेतले. पीटीएफई विजेचा पक्का रोधक. टोल्यूइन, हेक्झेन, रॉकेल असे द्रव वेगाने त्यातून धावू लागले की, लोकरीच्या स्वेटरवर फुगा घासावा तशी अस्तरावर स्थिर वीज साचते. तिला जायला वाट नसते. साचता साचता ती अस्तराची भिंत भेदून बाहेरच्या जाळीवर उडी मारते. सुईच्या अग्राएवढे भोक पडते, ठिणगी पडते आणि आजूबाजूला वाफ असेल तर पुढचे सांगायला नको. म्हणून अशा कामाच्या नळीत अस्तराच्या आतल्या बाजूला थोडे काजळ, म्हणजे कार्बन, मिसळतात. वीज त्या काळ्या वाटेने टोकाच्या धातूपर्यंत आणि तिथून जमिनीत निघून जाते. मात्र त्यासाठी टँकर आणि नळी तारेने जमिनीशी जोडलेली हवी. ती तार जोडायची राहिली तर काजळ घालूनही काम अर्धेच.

मामांचे दुसरे वाक्य मला अधिक आठवते. प्रत्येक नळीला त्यांनी पत्र्याचा बिल्ला बांधला होता आणि त्या नंबरचे एक कार्ड केले होते. नळी कधी आली, कशासाठी वापरली, दाबाची चाचणी कधी झाली, कधी रद्द करायची. ते म्हणत, “नळी बोलत नाही, तिचं कार्ड बोलतं.” रद्द झालेली नळी ते स्वतः करवतीने तीन तुकडे करून भंगारात टाकत, अख्खी टाकली तर कोणीतरी ती उचलून पुन्हा लावतो, हा त्यांचा अनुभव.

हे वाक्य किती खरे आहे, याचे दोन पुरावे अमेरिकेतल्या सरकारी चौकशीत सापडतात. दोन्ही समजण्यासाठी अस्तराचा एक गुण, म्हणावे तर दोष, माहीत हवा. आपला पाण्याचा माठ फुटलेला नसतो, तरी पाझरतो. पीटीएफईही तसाच अतिशय सूक्ष्मपणे पाझरतो. क्लोरीनसारख्या वायूचे लहान कण त्याच्या लांब साखळ्यांमधल्या फटींतून वाट काढत बाहेर येतात. अस्तराला काही होत नाही. ते धडधाकट असते. पण बाहेर आलेला वायू गाठतो तो जाळीला. तिथे हवेतला ओलावा असतो. ओलावा आणि क्लोरीन मिळून आम्ल होते आणि स्टेनलेस स्टीलच्या तारा एकेक करून कुरतडल्या जातात. म्हणून क्लोरीनच्या नळीची जाळी स्टेनलेसची चालत नाही; ती निकेल, मॉलिब्डेनम आणि क्रोमियम यांच्या हॅस्टेलॉय नावाच्या महाग मिश्रधातूची असावी लागते. दिसायला दोन्ही जाळ्या हुबेहूब सारख्या.

१४ ऑगस्ट २००२ रोजी मिसुरी राज्यातील फेस्टस गावाजवळ डीपीसी एंटरप्रायझेस या कंपनीच्या आवारात रेल्वेच्या वाघिणीतून क्लोरीन उतरवताना नळी फुटली. आणीबाणीत आपोआप मिटणाऱ्या झडपा होत्या, पण आत गंज साचल्याने त्या पुऱ्या मिटल्याच नाहीत. सुमारे तीन तास वायू वाहत राहिला. सुमारे २२ टन क्लोरीन हवेत गेला. आसपासच्या ६३ जणांना दवाखान्यात जाऊन तपासून घ्यावे लागले. तेथील केमिकल सेफ्टी बोर्डाने चौकशी केली तेव्हा निघाले ते असे. कागदोपत्री नळीची जाळी हॅस्टेलॉयची होती, प्रत्यक्षात स्टेनलेसची. जोडून दोन महिनेच झाले होते. पुरवणाऱ्याकडून चुकीची जाळी आली आणि घेणाऱ्याकडे ती ओळखण्याची सोय नव्हती. डोळ्यांनी कळणे शक्यच नव्हते. त्यासाठी धातू तपासणारे यंत्र लागते. ते हातात धरून क्षणभर टेकवले तरी पुरते.

दुसरी घटना २३ जानेवारी २०१० ची, वेस्ट व्हर्जिनियातील बेल येथील. फॉस्जीन हा पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरलेला विषारी वायू. भोपाळला जो मिथिल आयसोसायनेट सुटला, तो बनवायलाही फॉस्जीनच लागे. बेलच्या कारखान्यात तो पीटीएफईचे अस्तर आणि स्टेनलेसची जाळी असलेल्या नळीतून नेत. ती दर महिन्याला बदलायची असा नियम होता. फुटली ती नळी सात महिने वापरात होती. बदलण्याची आठवण देणारी संगणकातली नोंदच बंद पडली होती. आतून पाझरलेल्या फॉस्जीनने जाळी खाल्ली होती. त्यात नळीची दोन्ही टोके बंद आणि आत द्रव अडकलेला. तो तापून प्रसरण पावला आणि नळी एका कामगाराच्या समोर फुटली. दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. त्याच कंपनीच्या एका तज्ज्ञाने १९८७मध्येच सांगून ठेवले होते की या कामाला मोनेल या मिश्रधातूची नळी घ्यावी. महाग पडेल, पण अंती स्वस्त आणि सुरक्षित ठरेल. ही कंपनी कोणती? ड्यूपाँट. प्लंकेटने सिलिंडर कापला तीच. पीटीएफईविषयी तिच्याहून जास्त कोणाला माहीत असणार? म्हणजे ज्ञान नव्हते असे नाही. ज्ञान कपाटात होते आणि नळी खुंटीला.

तेव्हा या नळ्यांशी ज्यांचा रोज संबंध येतो, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. कामापूर्वी जाळीवर हातमोज्याने हात फिरवा. एखादी तुटलेली तार बोचली, गंजाचा किंवा रंगाचा डाग दिसला, कुठे फुगवटा वा चिमटा जाणवला, तर ती नळी बाजूला ठेवा. नळी ओढू नका, पिळू नका, तिच्यावरून टँकर जाऊ देऊ नका. काम संपल्यावर ती रिकामी केल्याशिवाय दोन्ही तोंडे बंद करू नका. आणि एका रसायनाची नळी दुसऱ्याला ‘आजच्या दिवस’ म्हणून लावू नका. व्यवस्थापनाने करायची गोष्ट वेगळी आहे. दर नळीला नंबर, दर नंबराला तारीख आणि तारीख आली की नळी चांगली दिसली तरी रद्द. चांगली दिसते म्हणून वापरा, असे सांगणाऱ्याला टँकरजवळ उभे राहावे लागत नाही.

या पदार्थाच्या जन्माची किंमतही एका वाक्यात झाकून टाकता येणार नाही. तयार पीटीएफई निरुपद्रवी असला, तरी तो बनवताना अनेक दशके पीएफओए नावाचे सहायक रसायन वापरले गेले. वेस्ट व्हर्जिनियातील पार्कर्सबर्ग भागात ते लोकांच्या पिण्याच्या पाण्यात उतरले. वैज्ञानिकांच्या एका गटाला त्याचा सहा आजारांशी संभाव्य संबंध आढळला. त्यांत मूत्रपिंडाचा कर्करोगही होता. २०१७मध्ये साडेतीन हजारांहून अधिक दाव्यांपोटी ६७ कोटी १० लाख डॉलरची तडजोड झाली आणि २०१९मध्ये स्टॉकहोम कराराखाली या रसायनावर जगभर बंदीची पावले पडली. जे कशानेही नष्ट होत नाही, हा नळीतला गुण; नदीत तोच शाप.

आता राहिले घर. स्वयंपाकाच्या गॅसची नारिंगी ‘सुरक्षा’ नळी आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्यात टेफ्लॉन नाही, रबर आहे. पण रचना याच घराण्याची. आतला थर गॅसला शिवणारा, मध्ये पोलादी तार, उंदराने कुरतडली तरी न तुटणारी, आणि बाहेरचा थर ज्योतीला दाद न देणारा. भारतीय मानक ९५७३ प्रमाणे केलेल्या या नळीवर तारीख छापलेली असते आणि पाच वर्षांनी ती बदलायची असते. किती घरांत कोणी ती तारीख वाचली आहे? ओट्याखाली वाकून, बॅटरी लावून, अक्षरे पुसली गेली असतील तर गॅसवाल्याला विचारून, ती वाचायला हवी. नळी बाहेरून कितीही नवी दिसत असली तरी. तिच्या आत काय चालले आहे ते डोळ्यांना दिसत नाही, आणि तिच्यावर लिहिलेली ती चार अक्षरे तेवढीच आपल्याशी बोलणारी आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)